डबा मोजू नका, घरं मोजा

प्रति,
ग्रामीण भागात इंटरनेट पोहोचवण्याचं नियोजन करणारे केंद्र व राज्य शासनाचे अधिकारी
आणि कोल्हापूर जिल्ह्याचे सर्व लोकप्रतिनिधी

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीला तीन ओळींचं पत्र आलं. वाड्यावस्त्यांवरच्या घरांना फायबरचं कनेक्शन मिळावं, असा ठराव आमच्या ग्रामसभेनं केला होता. त्याचं हे उत्तर. आपली ग्रामपंचायत यापूर्वीच ब्रॉडबँडने जोडलेली आहे, सबब मागणीचा विचार करता येत नाही, अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असा त्याचा आशय. ते पत्र मी आवक रजिस्टरला चढवलं. ज्या खुर्चीत बसून चढवलं, तिच्या मागच्या भिंतीवरच तो 'जोडलेला' डबा आहे, म्हणजे फायबरच्या टोकाला बसवलेलं इंटरनेटचं यंत्र. त्याचा लाल दिवा चौदा महिने लुकलुकतो आहे.

ज्यांनी असा डबा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. फायबरमधून प्रकाश येत असेल तर हिरवा दिवा लागतो. लाल दिवा लुकलुकतो तेव्हा प्रकाश येत नाही, म्हणजे तार कुठंतरी तुटलेली आहे. आमची तार कुठं तुटली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रस्ता रुंद करताना पुलाजवळ जेसीबीनं ती उपसली. तुटकं टोक बरेच दिवस गटारीच्या कडेला उघडं पडलं होतं. मी फोटो काढून पाठवले, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पुढच्या महिन्यात ती तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली. बघायला कुणीही आलं नव्हतं.

मी राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या अलीकडच्या एका गावात संगणक परिचालक आहे. नऊ वर्षं हे काम करते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या एक गाडी येईल, आमची तार जोडून जाईल, आणि हा विषय संपला असं धरलं जाईल. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतले माझ्यासारखेच परिचालक मला रोज आपापल्या डब्यांचे फोटो पाठवतात. विषय एका गावाचा नाही.

आमच्या ग्रामपंचायतीत गावठाण आहे, ओढ्यापलीकडं चार वाड्या आहेत आणि वर सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेला एक धनगरवाडा आहे. डबा गावठाणात, ग्रामपंचायतीच्या खोलीत. तो चालू होता तेव्हासुद्धा त्यातून बाहेर एकही तार गेली नव्हती. पाण्याची टाकी बांधावी, तिचं उद्घाटन करावं आणि एकाही दारात नळ देऊ नये, तशी ही अवस्था. आणि तरीही आपल्या यादीत आमच्या सगळ्या वाड्या, धनगरवाड्यासकट, जोडलेल्या आहेत.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. मोजणीची.

ही मोजणी कुठून आली, तेही मी शोधलं. २०११ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, तेव्हा उद्दिष्ट ठरलं ते अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत १०० एमबीपीएस वेगाचं इंटरनेट पोहोचवण्याचं. २०१५ ला योजनेचं नाव भारतनेट झालं. डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. या सगळ्यात एकक राहिलं ते ग्रामपंचायत. देशावर, सपाट मुलखात, जिथं गाव एका जागी वसलेलं असतं तिथं हे एकक कदाचित चाललं असेल. आमच्याकडं एका ग्रामपंचायतीत सहा वस्त्या असतात आणि दोन वस्त्यांच्या मधे डोंगर असतो. पावसाळ्यात ओढा आला की पलीकडच्या वाडीचा आणि आमचा दोन दिवस संबंध राहत नाही. त्या वाडीला ग्रामपंचायतीतल्या डब्याचा काय उपयोग?

१५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की एक हजार दिवसांत देशातल्या सहा लाखांहून अधिक गावांत ऑप्टिकल फायबर पोहोचेल. ते भाषण मी माझ्या मुलीबरोबर ऐकलं होतं. तेव्हा ती सहावीत होती आणि शाळा बंद होत्या. तिचे तास भरायचे ते घाटाच्या वळणावर, एका मोठ्या दगडाजवळ, कारण रेंज फक्त तिथं येते. भर पावसात इरलं डोक्यावर घेऊन तिथं बसलेली आठ-दहा पोरं मी पाहिलेली आहेत. हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. मुलगी आता सीईटीचा अभ्यास करते आहे, आणि अजून त्याच दगडाजवळ जाऊन बसते.

४ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. त्याची माहिती मी बारकाईनं वाचली आणि मला मनापासून आनंद झाला, हे इथं मुद्दाम नोंदवते. आमच्या दुखण्यावरचे बरेच इलाज त्यात आहेत. तार एकेरी न टाकता कड्यासारखी फिरवायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं सेवा चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीची सोय. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना कनेक्शन. आणि ग्रामपंचायतीचं ठिकाण नसलेल्या जवळपास ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी.

मागणीनुसार, हा शब्द वाचूनच आम्ही ठराव केला. वाडीवाडीवर जाऊन मी सह्या घेतल्या. धनगरवाड्यावर चढायला दोन तास लागतात. वरच्या अठ्ठावीस घरांपैकी एकही घर सहीला नाही म्हणालं नाही, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. आणि उत्तर काय आलं, तर तुम्ही जोडलेलेच आहात. मग मागणी नोंदवायची कुणी, कुठं, कोणत्या कागदावर? ज्या घराकडं कनेक्शन नाही त्याची मागणी ज्याच्या भिंतीवर डबा आहे त्याच्या नावानं फेटाळली जात असेल, तर तो शब्द योजनेत असून आमच्यासाठी नसल्यासारखाच आहे.

आता रोज माझ्यासमोर काय होतं ते सांगते, कारण 'सेवेत व्यत्यय' या दोन शब्दांत ते मावत नाही.

धनगरवाड्यावरून एक आजी निराधार योजनेच्या कामाला खाली येतात. वय झालेलं, हातात काठी, सकाळी निघून साडेदहापर्यंत पोहोचतात. मी माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावते, साईट उघडायला वीस मिनिटं जातात. मग ओटीपी येतो तो नातवाच्या फोनवर, आणि नातू असतो वर, जिथं रेंज नाही. तो सड्याच्या टोकाला पळत जाऊन ओटीपी बघून सांगेपर्यंत त्याची मुदत संपते. दुसरा मागवायचा. तिसऱ्यांदा साईटच बंद पडते. आजी म्हणतात, "असू दे बाई, उद्या येतो." त्यांच्या उद्या येण्याचा अर्थ परत चार तासांची पायपीट असा आहे. असे तीन 'उद्या' मी स्वतः बघितले आहेत.

रेशन दुकानात अंगठा लागेपर्यंत बायका मशिन घेऊन दुकानदाराबरोबर शाळेच्या कट्ट्यावर जातात, कारण तिथं एक काडी रेंज दिसते. अंगणवाडीताई पोषण ट्रॅकरची माहिती रात्री घरी बसून भरतात. ई-पीक पाहणीला भाताचा फोटो बांधावर काढून होतो, पण तो चढवायला घाटाचं वळण गाठावं लागतं. रोजगार हमीच्या हजेरीचं तेच. मी स्वतः दाखल्यांचे अर्ज रात्री दीडनंतर भरते, त्या वेळी टॉवरवरचा ताण उतरतो आणि कागद चढतात. महिन्यातल्या किती रात्री अशा जातात ते माझ्या घरच्यांना विचारा.

आणि गेल्या वर्षीचा तो मुलगा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पलीकडच्या वाडीतल्या एका मुलाला दहावीला चांगले गुण होते, हवं ते कॉलेजही लागलं. त्या आठवड्यात पाऊस कोसळत होता, वीज तीन दिवस नव्हती, टॉवरची बॅटरी उतरलेली, ओढा भरलेला. मुदतीत त्याला होकार नोंदवता आला नाही. जागा गेली. माझ्याकडं येऊन तो रडला नाही, नुसता बसून राहिला. यंत्रणेच्या नोंदीत त्यानं प्रवेश घेतला नाही असं दिसत असेल. खरं तर आम्ही त्याला तो घेऊ दिला नाही.

हे पत्र लिहायचं मी त्या दिवशी ठरवलं. तीन ओळींचं उत्तर हे निमित्त.

काही अधिकारी मला तोंडी समजावून सांगतात की डोंगरात हे अवघड आहे. अवघड आहे, मान्य. सड्यावर जांभा दगड आहे, तिथं चर खणायला सपाटीपेक्षा वेळ आणि पैसा जास्त लागतो. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना कुदळ मारता येत नाही आणि मारूही नये, ते जंगल आम्हालाही तितकंच प्यारं आहे. खांबांवरून तार नेली तर पावसाळ्यात झाडं पडून ती तुटणार. पण या प्रत्येक अडचणीला उत्तर आहे. खेड्याच्या फायबरला वाटेत वीज लागत नाही. एका तारेवर स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटून देणारा छोटा भाग, बसवला की तिच्यातूनच ३२ घरांना कनेक्शन देता येतं, आणि त्याच तंत्रानं प्रकाश २० किलोमीटरपर्यंत जातो. धनगरवाडा आमच्यापासून सहा किलोमीटरवर आहे आणि तिथं अठ्ठावीस घरं आहेत. म्हणजे एक तार पुरते. विजेचे खांब तिथवर गेलेलेच आहेत. जिथं खांबही नाहीत तिथं सड्यावरून समोरासमोर दिसणाऱ्या जागी रेडिओ लिंक, म्हणजे बिनतारी जोडणी, बसवता येते. यातलं नवीन काहीच नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मोबाईलचा टॉवर आहे की, असंही सांगितलं जातं. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या २०२३ च्या व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्या कनेक्शनला ब्रॉडबँड म्हणता येतं. आमच्या वाडीत भरदुपारी ते मोजून पाहावं. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा निकालाच्या दिवशी तिचं काय होतं, ते मी नऊ वर्षं बघते आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खांबावर चार-चार कंपन्यांच्या तारा लोंबतात, ग्राहक रोज नवी ऑफर निवडतो. पंचावन्न-साठ किलोमीटर इकडं आलं की निवडायला एकही तार नाही. कंपन्यांना इथं नफा दिसत नाही, हे मी समजू शकते. पण नेमकं त्याचसाठी दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के सार्वत्रिक सेवेसाठी घेतले जातात, ज्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. आमच्या वाडीतला माणूस रिचार्ज मारतो तेव्हा त्याचाही वाटा त्यात जातो.

घरं मोजणं सरकारला जमत नाही, असंही नाही. विजेच्या बाबतीत एके काळी गावातल्या दहा टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत धरत असत. ती मोजणी अपुरी आहे हे ध्यानात आलं, आणि २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली ती घराघरात मीटर बसवायला. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, त्यात तर पहिल्यापासून नळ मोजले, टाक्या नाही. आमच्या धनगरवाड्यावर वीज आली ती ही मोजणी बदलल्यावरच.

आणि हे कोल्हापूर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या दंडाचा मी बऱ्याचदा विचार करते. शाळेची इमारत उभी राहिली की गाव शिकलं, असं महाराजांनी धरलं नाही. कोणत्या घरातलं कोणतं मूल आलं नाही, इथपर्यंत त्यांचा हिशेब गेला होता. शंभर वर्षांपूर्वी, कागदाच्या वह्यांवर.

सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. तो खटला अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांचा आणि दृष्टिहीनांचा होता, त्यांना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करता येत नव्हती. त्या निकालात ग्रामीण भागाचाही उल्लेख आहे. आमच्या आजींचे डोळे ठीक आहेत. त्यांच्यापर्यंत तार गेलेली नाही, एवढंच.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिली, आणि बाकी सगळ्या हिच्यावर अवलंबून आहेत : 'जोडलेली ग्रामपंचायत' हा आकडा एकटा छापणं बंद करा. त्याच्या शेजारी दर महिन्याला तीन गोष्टी छापा. डबा त्या महिन्यात किती तास चालू होता, त्या ग्रामपंचायतीतल्या किती घरांत कनेक्शन चालू आहे, आणि कोणत्या वाडीत एकही नाही. वाडीचं नाव लिहा, 'इतर वस्त्या' असं लिहू नका. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. लावायचं काम मी करीन.

दुसरी, ग्रामसभेचा ठराव हीच मागणीची नोंद समजा. त्याला पोच द्या, क्रमांक द्या, काम कधी होईल ती तारीख द्या. मुख्य गावात डबा आहे या कारणावरून वाडीचा अर्ज फेटाळू नका, आणि आजवर असे फेटाळलेले जिल्ह्यातले सगळे अर्ज पुन्हा उघडा.

तिसरी देखभालीची. तुटलेली तार किती दिवसांत जोडायची ते लेखी ठरवा, आणि ग्रामपंचायतीची सही असल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही असा नियम करा. आमच्या भागातल्या आयटीआय झालेल्या मुलांना स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली तार सांधणं, शिकवा. दर दोन-तीन गावांमागं एक पोरगं आणि एक मशिन असलं तर पुण्या-मुंबईहून गाडी यायची वाट बघावी लागणार नाही, आणि चार पोरं गावात राहतील. खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्रानं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढलं आहे. रस्त्याच्या प्रत्येक ठेकेदाराच्या करारात त्याची अट घाला आणि तार तोडली तर भरपाई त्याच्या बिलातून वळती करा.

डब्याला आणि टॉवरला सौर पॅनेलसह पुरेशी बॅटरी हवी. आमच्याकडं वीज जाते ती तासांच्या हिशेबानं जात नाही.

आणि शेवटची मागणी आजची, तार यायच्या आधीची. जिथं कनेक्शन नाही त्या वाडीतल्या माणसाचा हक्क ऑनलाइन मुदत चुकली म्हणून जाता कामा नये. ग्रामसेवकांचा किंवा मुख्याध्यापकांचा 'या तारखेला इथं नेटवर्क नव्हतं' असा दाखला ग्राह्य धरा. अकरावीचा प्रवेश असो, पेन्शन असो, पीक पाहणी असो. कागदावर अर्ज घ्या, पोच द्या, आणि तो ऑनलाइन चढवायची जबाबदारी यंत्रणेनं घ्यावी. ज्याच्यापर्यंत आपण रस्ता नेला नाही, तो उशिरा आला म्हणून त्याला दार बंद करू नका.

शेवटची सोडली तर यातल्या बहुतेक मागण्या योजनेच्या उद्देशाला धरूनच आहेत. बरंचसं आपण स्वतःच मंजूर केलेलं आहे, पैशासकट.

येत्या ग्रामसभेत हे पत्र मी वाचून दाखवणार आहे. आपलं उत्तर त्याआधी आलं तर तेही शब्दन् शब्द वाचून दाखवीन. आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष आलं तर फार बरं होईल. पुलाजवळ तार तुटलेली जागा दाखवते, मग धनगरवाड्यावर चढू. सकाळी लवकर या, उतरायला उशीर होतो. आपल्या फोनला वर रेंज लागणार नाही, तेव्हा निघण्यापूर्वी घरी कळवून ठेवा.

आपली,
एक संगणक परिचालक
राधानगरी तालुका, जिल्हा कोल्हापूर